जुन्या पिकअपचा ब्रेक लाईट स्विच: लोकल माल घ्यावा का?

जालना-बीडकडच्या स्पेअरच्या दुकानांत पेडलवरचा हा स्विच कंपनीचा मिळतो आणि खुला लोकलही. लोकल स्वस्त, पण त्याचे प्लॅस्टिकचे आटे लॉकनट (स्विच जागी घट्ट धरणारा नट) जरा जास्त आवळला की जातात, आणि आतली स्प्रिंग लवकर ढिली पडते. मोसंबी भरून रात्रीचा रस्ता धरणाऱ्या गाडीला तो बसवूच नये.

पण आधी जुना खरंच गेलाय का ते बघा. फ्यूज, मग 21/5 वॅटचे बल्ब (ब्रेकला 21, टेलला 5). चावी चालू ठेवून स्विचच्या एका वायरीवर टेस्ट लॅम्प पेटला पाहिजे. नाही पेटला तर करंटच येत नाही. पेटला, तर सॉकेट काढून दोन्ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. मागचे दिवे लागले म्हणजे स्विच गेला. तरीही अंधारच असेल तर बल्बचा होल्डर आणि अर्थ (बॉडीला बोल्टने जोडलेली वायर) बघा. हौद्याखाली चिखल बसून अर्थचा बोल्ट गंजतो.

दिवे सतत पेटलेले राहिले तर नवा स्विच घेऊन पैसे घालवू नका. बहुतेकदा पेडलवरचं रबरी बटण कुजून पडलेलं असतं. पेडल वर असताना ते स्विचचा प्लंजर (पुढची दांडी) दाबून दिवे बंद ठेवतं. बटण पडलं की प्लंजर त्याच्या रिकाम्या भोकातून आरपार जातो, दाबलाच जात नाही, आणि सकाळी बॅटरी उतरलेली. बटण किरकोळ किमतीत मिळतं.

स्विच बसवताना त्याच्या आट्यांचं टोक आणि पेडल यांत अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा. हौद्यावर जादा दिवे जोडले असतील तर रिले (जादा करंट या स्विचऐवजी स्वतःवर घेणारा वेगळा स्विच) टाकाच. दोन बल्बांचेच साडेतीन अँपिअर होतात.