पूरकाठावर बचाव पथकाचा बाईट : ‘रोड वायरलेस गो टू’ माइक किती साथ देतो

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी पात्र सोडून शिवारात शिरली, तेव्हा लांबोटीजवळ पुणे महामार्ग आणि वडकबाळजवळ विजयपूर महामार्ग बंद पडला. करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत माणसे बाहेर काढायला बोटी लागल्या. अशा ठिकाणी बचाव पथकातल्या माणसाचा बाईट, म्हणजे बातमीसाठी रेकॉर्ड केलेले छोटे बोलणे, मिळायला वेळ असतो तो बोट काठाला लागून माणसे उतरेपर्यंत आणि इंजिनात पेट्रोल भरेपर्यंत. म्हणजे जेमतेम तीन-चार मिनिटे. ‘रोड’चा वायरलेस गो टू हा माइक त्या तीन-चार मिनिटांसाठी घ्यावा का, एवढ्याच अंगाने इथे पाहिले आहे. स्टुडिओत, लग्नात किंवा रीलसाठी तो कसा आहे, हा वेगळा विषय.

संचात दोन ट्रान्समीटर (बोलणाऱ्याच्या अंगावर लावायचे) आणि एक रिसीव्हर (कॅमेऱ्याला किंवा फोनला जोडायचा) येतो. प्रत्येक तुकडा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, वजन तीसेक ग्रॅम. कंपनी मोकळ्या जागेत २०० मीटरचा पल्ला सांगते. पुरात या आकड्याचा फारसा उपयोग नाही. माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि या लहरींना पाणी शोषून घेते. माणसाचे शरीरही त्यांच्या दृष्टीने पाण्याची पखालच. त्यात भिजलेले लाइफ जॅकेट आणि जवान बोलता बोलता नदीकडे वळला की त्याची पाठ मध्ये येते. आवाज तुटतो तो नेमका अशा वेळी. पाच-सहा मीटरवर समोरासमोर उभे राहून घेतलेला बाईट मात्र निर्धास्त. त्यापलीकडचे अंतर गृहीत धरू नये.

तरीही हा संच पुराच्या वार्तांकनासाठी उजवा ठरतो, कारण ट्रान्समीटरच्या पोटातच रेकॉर्डर आहे. रिसीव्हरपर्यंत सिग्नल पोचला नाही, कॅमेऱ्याची पिन निसटली, फोनची बॅटरी संपली, तरी जवानाच्या छातीवरच्या तुकड्यात आवाज साठत राहतो. कॉम्प्रेस न करता सात तासांच्या वर आणि कॉम्प्रेस करून त्याच्या कितीतरी पट रेकॉर्डिंग त्यात मावते. दमलेल्या माणसाला ‘साहेब, आवाज आला नाही, परत सांगता का?’ असे विचारण्याची पाळी येत नाही, आणि हा गुण मोठा आहे. अट एकच: ‘रोड सेंट्रल’ या ॲपमध्ये जाऊन रेकॉर्डिंग सतत चालू राहील असे सेटिंग घरूनच करून ठेवायचे. काठावर नेट नसते आणि लॅपटॉप उघडायला कोरडी जागाही नसते. निघण्याआधी दहा सेकंद बोलून, ती फाइल बाहेर काढून, ऐकून पाहावी.

पाण्यापासून बचावाची सोय कंपनीने दिलेली नाही. हा माइक वॉटरप्रूफ नाही, आणि पूरकाठावर त्याची खरी अडचण हीच. ट्रान्समीटर झिपच्या पिशवीत घालून छातीला लावला तर आवाज भांड्यात कोंडल्यासारखा येतो, वर प्लास्टिकची चुरचुर. त्यापेक्षा ट्रान्समीटरच्या ३.५ मिलिमीटरच्या खाचेत छोटा लॅपल माइक (वायरचा, कपड्याला चिमट्याने लावायचा) जोडावा, ट्रान्समीटर पिशवीत बंद करून खिशात किंवा कमरेला ठेवावा आणि फक्त लॅपलचे डोके बाहेर काढावे. पिशवीच्या तोंडाशी वायरला खाली झोळ द्यावा आणि तिथे चिकटपट्टी मारावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, आत जात नाही. लॅपलवर वाऱ्याची केसाळ टोपी हवीच. ती भिजली की आवाज दबतो, म्हणून दुसरी कोरडी जवळ असू द्यावी.

लॅपल लावायचा कुठे, यावर बरेच अवलंबून असते. लाइफ जॅकेटच्या आत, शर्टाच्या कॉलरला लावला तर फोमची घासाघीस बोलण्यापेक्षा मोठी ऐकू येते. जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यावर, हनुवटीखाली एक वीत अंतरावर, माइकचे तोंड वरच्या बाजूला: ही जागा बरी. बोटीचे इंजिन जवानाच्या पाठीमागे येईल असे त्याला उभे करावे. म्हणजे त्याचे शरीरच आडोसा होते. त्याला इंजिनाकडे तोंड करून उभे केले तर छातीवरच्या माइकमध्ये इंजिनाचा आवाज सरळ शिरतो.

आवाजाच्या पातळीसाठी सेफ्टी चॅनेल वापरावा. तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर २० डेसिबल खाली साठवला जातो. शांतपणे बोलणारा माणूस मध्येच पथकाला हाक मारतो, तेव्हा पहिला ट्रॅक फाटतो आणि दुसरा कामी येतो. हा चॅनेल चालू असताना दोन्ही ट्रान्समीटरचा आवाज एकत्र मिसळलेला मिळतो, वेगळा नाही. म्हणून एका वेळी एकाच माणसाला बोलते करावे. गावकरी आणि जवान अशी जोडी उभी करायचा मोह टाळावा.

आता याच माइकचा धोका. आतला रेकॉर्डर कॅमेरा बंद झाल्यावरही चालू राहतो. बाईट झाला, घाईत माइक काढायचा राहिला आणि जवान पुढच्या फेरीला गेला, तर पथकाच्या बिनतारी संचावरचे निरोप, बेपत्ता माणसांची नावे, घरच्यांना अजून न कळवलेला मृत्यू, सगळे त्या काडेपेटीत जमा होते. त्या माणसाने यातल्या एका शब्दालाही परवानगी दिलेली नसते. शिवाय लोंबणारी वायर जॅकेटच्या बकलात किंवा दोरात अडकू शकते, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला ती जड जाते. म्हणून बोटीवर चढणाऱ्याच्या अंगावर माइक ठेवायचाच नाही. काठावर लावायचा, काठावरच काढायचा, आणि काढताना बटण दाबून बंद केल्याचे त्याला दाखवायचे. ‘बोटीतला थेट आवाज’ हवा म्हणून जी मागणी कार्यालयातल्या डेस्कवरून येते, तिला नाही म्हणावे.

वेळ कमी, म्हणून प्रश्न नेमके लागतात. ‘कसं वाटतंय?’ याला उत्तर एकच येते आणि ते सगळ्या चॅनेलवर सारखे असते. सोलापुरात विचारण्यासारखा प्रश्न म्हणजे ‘पंखा कशात अडकतो?’ पाण्याखाली काय बुडाले आहे ते बोट चालवणाऱ्याला इंजिनाच्या पंख्यावरून कळते: द्राक्षबागेच्या तारा, ठिबकच्या नळ्या, उसाचा पाला, मोटारीची केबल. एकदा तार गुंडाळली की इंजिन बंद करून वर उचलायचे, पक्कडीने तार तोडायची, आणि तोवर बोट प्रवाहाबरोबर वाहत जाते. इतके सांगितले तरी वाचणाऱ्याला कळते की अमुक वस्तीपर्यंत पोचायला दोन तास का लागले. दुसरा प्रश्न वाटेचा: सरळ जाता येते, की प्रवाहाच्या वर जाऊन तिरके उतरावे लागते? तिसरा, मागे राहिलेल्यांना काय सांगायचे आहे? तिसऱ्या उत्तरात बहुधा बातमीचा सर्वांत उपयोगाचा भाग असतो: गच्चीवर थांबा, उजेड दाखवा, जनावरांचे दावे सोडा.

सुटका झालेल्यांचा आकडा मात्र बोटीवरच्या माणसाला विचारून छापू नये. तो स्वतःच्या बोटीचा हिशेब सांगतो. वस्तीवरून टेकाडावर एका बोटीने आणलेली माणसे टेकाडावरून रस्त्यावर दुसरी बोट आणते, आणि दोन्ही बाईटची बेरीज केली की तीच माणसे दोनदा मोजली जातात. एकत्रित आकडा जिल्हा नियंत्रण कक्षातून घ्यावा, त्यासाठी १०७७ आहे. पण पुरात हाच नंबर अडकलेले लोकही लावत असतात, तेव्हा तो व्यापून ठेवू नये, शक्य तिथे जिल्हा माहिती कार्यालयाच्या निवेदनावर काम भागवावे. विसर्गाचेही तसेच: जवानाला क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) विचारण्यात अर्थ नाही. जलसंपदा विभागाचा आकडा घ्यावा आणि वाचकाला सोडवून सांगावा. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग पूर्ण २४ तास चालला की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, पाणी जाते.

बोलायचे कोणी, हेही ठरलेले असते. एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) तुकडीत बोलण्याचा अधिकार साधारणपणे तुकडीप्रमुखाला असतो. पुण्याजवळच्या सुदुंबरे इथून येणाऱ्या पाचव्या बटालियनमध्ये अनेक जण हिंदी भाषक असतात, तेव्हा प्रश्न सरळ हिंदीत विचारावा. लष्कराची बाजू संरक्षण दलाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याकडून येते. साध्या जवानाला कडेला घेऊन बोलते केले तर बातमी एका दिवसाची होते आणि जाब त्याला द्यावा लागतो. गावातले भोई, कोळी, अग्निशमन दलाचे लोक आणि ट्रॅक्टर घेऊन उतरलेली पोरे यांच्याकडे मात्र कॅमेरे फार कमी वळतात, आणि पहिल्या रात्रीची माहिती त्यांच्याचकडे असते. बिनवायरीचा छोटा माइक इथे उपयोगी पडतो. चॅनेलच्या लोगोचे सहा मोठे माइक तोंडापुढे आले की असा माणूस बावरतो, छातीवर चिमटा लावला की दोन मिनिटांत मोकळा बोलतो.

बॅटरी सुमारे सात तास चालते. पूरग्रस्त गावात वीज आधीच तोडलेली असते, त्यामुळे १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि गाडीतला चार्जर, दोन्ही ठेवावेत. चार्जिंगच्या खाचेत ओल असेल तर केबल मुळीच लावू नये. पाणी झटकून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात रात्रभर ठेवून मगच लावावी. फोनला जोडताना डेटा जाणारी टाइप-सी केबल हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर आवाज येत नाही, आणि हे काठावर पोचल्यावर कळून उपयोग नसतो.

एकट्याने फिरणाऱ्या तालुका प्रतिनिधीला दोन ट्रान्समीटरची चैन वाटेल. पण पुरात एक भिजला की दुसरा लागतोच, त्यामुळे दोनचाच संच घ्यावा. कार्यालयात एकच संच चार जणांत फिरत असेल, तर परत आल्यावर दोन्ही ट्रान्समीटर लॅपटॉपला जोडून बाईट उतरवून घ्यावेत आणि उरलेले सगळे रेकॉर्डिंग तिथेच पुसून मगच संच दुसऱ्याच्या हातात द्यावा.