नवजात बाळांच्या सर्जरीचं युनिट, छत्रपती संभाजीनगर : ३८ दिवसांचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. पण आमच्या बीड जिल्ह्यातून कुणाला असं, आतडी पोटाबाहेर असलेलं लेकरू घेऊन जायची वेळ आली तर तिथं काय विचारायचं, काय बघायचं हे आधी माहीत असावं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण, वय २०, सासर गेवराई तालुक्यात, पहिलंच लेकरू. पोळ्याच्या आठवड्यात पाचव्या महिन्याची सोनोग्राफी केली तर डॉक्टर बराच वेळ एकाच जागी मशीन धरून गप्प. मग म्हणले बाळाची आतडी पोटाच्या बाहेर आहेत, बेंबीच्या उजव्या अंगाला भोक आहे, गॅस्ट्रोस्कायसिस म्हणतात ह्याला, मोठ्या ठिकाणी दाखवा. घरी आलो तर सासूबाई म्हणल्या ग्रहणात भाजी चिरली असंल, एक चुलती म्हणली कशाला ठेवता, काढून टाका, आणि बहीण दोन दिवस जेवलीच नाही.

ह्या असल्या अवस्थेत आम्ही संभाजीनगरला गेलो, आणि खरं सांगायचं तर माझे चारातले निम्मे स्टार त्या पहिल्या भेटीचेच आहेत. सोनोग्राफी परत नीट केली, बाळाच्या हृदयाची वेगळी केली, आणि मग प्रसूतीच्या मॅडम, लहान लेकरांचे सर्जन आणि काचेत ठेवतात त्या विभागाचे डॉक्टर असे तिघं एका टेबलाला बसले. सर्जननी कागदावर चित्र काढलं. म्हणले अशीच दिसणारी दुसरी एक बिमारी असते, ओम्फॅलोसील, तिच्यात आतडी बेंबीतूनच बाहेर येतात आणि त्यांच्यावर पातळ पडदा असतो, त्या लेकरांना हृदयाचे आणि गुणसूत्रांचे दोष पण बरेचदा असतात. आपल्या बाळाचं तसं नाही, ह्याची आतडी उघडी आहेत, गर्भाच्या पाण्यात तरंगतात, पण बाकीचे अवयव ठीक दिसतात. कमी वयाच्या आयांच्या लेकरांत हे जास्त दिसतं, एकच एक कारण सांगता येत नाही. आणि मग सासूबाईंकडं वळून म्हणले, "आजी, ग्रहणाचा ह्याच्याशी काही संबंध नाही. हे पहिल्या दोन-तीन महिन्यातच घडून जातं, पोरीनं काही केलं म्हणून झालेलं नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी बाहेर आल्यावर त्यांनी स्वतः बहिणीला दशमी खाऊ घातली. हे औषधाच्या पावतीत कुठं लिहिलेलं नसतं पण आमच्यासाठी तेवढं एकच झालं असतं तरी खूप होतं.

गर्भपाताचा विषय पण मॅडमनी टाळला नाही. कायद्यात काय आहे ते सांगितलं, २०२१ च्या बदलानंतर बाळात मोठं व्यंग असलं तर २४ आठवड्यांच्या पुढं पण मेडिकल बोर्डाच्या परवानगीनं करता येतं. पण सोबत हे पण सांगितलं की सोय चांगली असली तर ह्या बिमारीतली बहुतेक लेकरं वाचतात, आणि सोय नसली तर हीच लेकरं थंडीनं आणि इन्फेक्शननं जातात. ठरवायचं तुम्ही. कुणी घाई केली नाही, आठवडाभर विचार करून आम्ही ठेवायचं ठरवलं.

मॅडमचं एक वाक्य मी पुढं दहा जणांना सांगितलंय, "बाळ आईच्या पोटात असताना इथं आणा, जन्मल्यावर गाडीत घालून आणू नका." उघड्या आतड्यांतून अंगातली ऊब आणि पाणी दोन्ही झपाट्यानं जातं, आमच्याकडून दोन तासाचा रस्ता, त्यात रात्र असली तर काय. म्हणून ३६ व्या आठवड्यापासून हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्यानं घेतली. ह्या बिमारीला सिझरच लागतं असं नाही हे पण तिथंच कळलं, ३७ व्या आठवड्यात कळा आणून नॉर्मल बाळंतपण केलं.

पोरगी झाली, १ किलो ९५० ग्रॅम. रडली लगेच. पायापासून काखेपर्यंत निर्जंतुक प्लास्टिकच्या पिशवीत घातली, नाकातून पोटात नळी, सलाईन, उजव्या कुशीवर निजवली, सगळं इतक्या पटापट की दाजींनी फक्त कपाळ बघितलं. त्याच दिवशी आतड्यांवर सायलो नावाची पारदर्शक पिशवी बसवली, ती वरून टांगलेली असते, आणि रोज थोडी थोडी आतडी आपल्या वजनानं आणि डॉक्टरच्या हातानं आत जातात. मी विचारलं एकदम का नाही ढकलत, तर म्हणले पोट एवढंसं आहे, एकदम भरलं तर दाब वाढून श्वास अडतो आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. पाचव्या दिवशी भोक बंद केलं.

आम्हाला वाटलं झालं आता. पण खरी परीक्षा त्याच्या पुढंच होती. इतके महिने पाण्यात भिजून आतडी सुजलेली, ती कामाला लागायला आठवडेच्या आठवडे जातात. तोपर्यंत सगळं पोषण शिरेतून, टीपीएन म्हणतात, आणि रोज सकाळी एकच प्रश्न, नाकातल्या नळीतून हिरवं पाणी येतंय का, म्हणजे पित्त, ते येतंय तोवर आतडी चालत नाहीत. रोज येत होतं. संक्रांतीच्या दिवशी पहिल्यांदा साफ आलं आणि २ मिली दूध दिलं, बहिणीचंच. हे शक्य झालं ते तिथल्या एका सिस्टरमुळं, तिनं पहिल्या दिवसापासून बहिणीला दर तीन तासाला दूध काढायला लावलं, म्हणायची पोरगी आज पीत नाही म्हणून थांबलीस तर पिईल तेव्हा दूध कुठून आणशील. नंतर पोरीला आईच्या छातीवर उघड्या अंगानं धरायला पण तिनंच शिकवलं. ह्या सिस्टरला मी वेगळे पाच देतो.

आता जिथं कमी पडले ते. पहिल्या भेटीत जे नीट बसून सांगितलं तसं ऑपरेशननंतर नाही, नंतर सगळं जिन्यात, चालता चालता, आणि ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरची माहिती एक तर मोठ्या सरांची दुसरी. बहीण ताजी बाळंतीण आणि तिला वेगळ्या मजल्यावर ठेवलेलं, दूध काढायला स्वतंत्र खोली नाही, पडद्यामागं उभ्यानं काढायचं. आईला आणि सासूबाईंना ३८ दिवस गॅलरीतलं लोखंडी बाकडं, पौषातली थंडी. आणि पैसे. अंदाज दीड लाख सांगितला होता, टीपीएन लांबलं तसं अडीचच्या वर गेलं, कापसाचे सगळे पैसे त्यात गेले. सरकारी योजनेच्या काउंटरला आरोग्यमित्र म्हणून योजनेचा मदतनीस बसतो, कागद त्याच्याकडं भरतीच्या वेळीच द्यायचे असतात, हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. म्हणून सांगतो, रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी पिशवीत घ्या आणि काउंटरला तुम्हीच विचारा. आणि सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा उपचार एक वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, संभाजीनगरचं घाटी म्हणतात त्या सरकारी हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणी आधी चौकशी करा. आम्ही घाबरून ती केलीच नाही.

कुठंही जा, एक विचारा, लहान लेकरांचे सर्जन रात्री किती वेळात येतात. ह्या उत्तरावर दवाखाना ठरवा, इमारतीवर नाही. आमच्या वेळी बाळंतपण पहाटे झालं आणि सर्जन आधीपासून उभे होते.

निघताना वजन २ किलो ४०० होतं. पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर वाट न बघता यायचं हे कागदावर मराठीत लिहून दिलंय, दाजींनी तो कागद देवघराशेजारी चिकटवलाय. पुढची तपासणी चैत्रात आहे. त्या दिवशी सिस्टरसाठी घरचं तूप नेणार आहे आणि त्या बाकड्याचं मोठ्या सरांना समोर बसून सांगणार आहे.