खोक्यावरचा गुलाबी ढग आणि 130 मिमीची दुर्बीण

बीएस्सी फिजिक्स करून कडक भाकऱ्या विकते म्हणून नात्यात माझी थट्टा चालतेच. त्यात साडेसतरा हजारांची दुर्बीण मागवली म्हटल्यावर जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. लेक नववीत आहे हे निमित्त, हौस माझीच.

आरसा 130 मिमीचा, सोबत 25 आणि 10 मिमीचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं. आरसा झकास, तिपाई गचाळ. फोकस फिरवला की तारा थरथरतो. मधल्या ट्रेवर दोन किलो ज्वारीची पिशवी ठेवली तेव्हा कुठं थारा आला. तीनपट मोठं दाखवणारी बार्लो भिंग नुसती खोकं भरायला टाकलेली.

आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर गच्चीवर मृग नक्षत्र लावलं. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकता ढग, सापडला आणि लेकीचं तोंड पडलं. खोक्यावर गुलाबी ढग, इथं राखाडी धूर! तो गुलाबी रंग हायड्रोजनचा, कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून टिपलेला. अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही. कंपनीनं हे खोक्यावर छापायला हवं होतं.

मग जास्त मोठं दाखवणारा 10 मिमीचा आयपीस लावला. धुराच्या मधोमध चार तारे, टाचणीनं टोचल्यासारखे. खरी वस्तू ती. त्यातला सर्वांत तेजस्वी सूर्याच्या तीसहून जास्त पट वजनाचा. त्याचे अतिनील किरण हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवतात, वायू दहा हजार अंशांपर्यंत तापून फुगतो. मागचा मूळ ढग मात्र उणे 250 अंशांच्या आसपास गारठलेला. फुगलेला वायू त्याला रेटतो, किरण त्याचा पृष्ठभाग खरवडतात. कुठं ढग दाबला जाऊन नवे तारे धरू शकतात, कुठं वायूच उधळून जातो आणि ताऱ्यांचा कच्चा माल संपतो. ज्या ढगातून जन्मले, तोच हे पोखरतायत.

लेकीला म्हटलं, तव्यावर भाकरी फुगते आणि एका बाजूनं पापुद्रा फुटून वाफ निघते ना? हा पोकळ फुगा आपल्याच बाजूला फुटलाय, म्हणून 1,350 प्रकाशवर्षांवरून त्याच्या आत डोकावता येतं. ती म्हणाली, "आई, तुला सगळीकडं भाकरीच दिसते."

घेणाऱ्यांसाठी: वापरण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा, आरसा थंड होऊ द्या. एमआयडीसीच्या दिव्यांत चार तारे दिसतात, पण धुराचे पंख पाहायचे तर हिप्परग्याच्या तलावाकडं अंधारात जा. मी चार स्टार देतेय. काल जाऊबाईही वर आल्या होत्या. पाहिलं, काही बोलल्या नाहीत, खाली जाताना ज्वारीच्या पिशवीची गाठ मात्र घट्ट करून गेल्या.