ससा खात नव्हता आणि एक माणूस आम्हाला 'थांबा' म्हणत होता

ज्या 'ससेतज्ज्ञा'ने आम्हाला गंडवलं त्याचा नंबर परवा आणखी एका ओळखीच्या घरात निघाला, म्हणून हे लिहायला घेतलं. त्यांच्याही सशाने खाणं सोडलं होतं आणि त्यांनाही आमच्यासारखंच उत्तर मिळालं होतं: "ताई, काळजी करू नका, संध्याकाळपर्यंत थांबा." गेलेल्या पैशांचं मी केव्हाच सोडून दिलंय. या माणसाने आमच्या सशाचे, ढगूचे, जे तास खाल्ले त्यांचा राग मात्र जात नाही.

ससे न पाळणाऱ्यांना यात एवढं काय, असं वाटेल. कुत्रं एखादा दिवस जेवलं नाही तर आपण 'बघू उद्या' म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खपूनही जातं. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत जंतू गवताचा चोथा आंबवत असतात आणि मागून गवत येत राहिलं तरच ते सगळं पुढे सरकतं. खाणं थांबलं की हालचाल मंदावते, आतला चोथा सुकत जातो, वायू धरतो आणि पोट दुखायला लागतं. दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी दुखतं. त्यात सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे तोही मार्ग बंद. डॉक्टर याला जीआय स्टॅसिस म्हणतात. 10 ते 12 तास सशाने काही खाल्लं नाही आणि लेंड्याही पडल्या नाहीत, तर रात्र असो की सुट्टी, डॉक्टर गाठायचा. जाड्या सशाला तर त्याहून कमी सवलत, कारण उपासाने त्याच्या यकृतावर चरबी चढायला वेळ लागत नाही.

हा नंबर आम्हाला ज्याच्याकडून ससा घेतला त्यानेच दिला होता. "सशांचे स्पेशालिस्ट आहेत, साधे जनावरांचे डॉक्टर ससा मारून टाकतात," असं वर बजावलं होतं. ढगूने सकाळी गवताला तोंड लावलं नाही, आवडीची कोथिंबीरही नुसती हुंगून सोडली, तेव्हा साहजिकच तिथे फोन गेला. समोरचा आवाज एकदम आश्वासक. घाई नाही, चिडचिड नाही, मध्येमध्ये लॅटिन वाटतील असे शब्द. माझ्या नवऱ्याला तर तो खरा डॉक्टरच वाटला. आणि खरं सांगायचं तर त्याने जे जे सांगितलं त्यात निव्वळ थाप अशी एकही नव्हती. प्रत्येक वाक्यात अर्धं खरं होतं. याचसाठी त्याची एकेक गोष्ट सोलून दाखवते.

पहिलं म्हणजे, "उकाड्याने ससे खात नाहीत." उकाड्यात ससा कमी खातो हे खरंच. पण कमी खाणं वेगळं आणि एका कोपऱ्यात पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून बसणं वेगळं. ढगू तसा बसला होता आणि करकर दात खात होता. दुखणारा ससा ओरडत नाही. जो प्राणी दुसऱ्याचं भक्ष्य असतो तो दुखणं लपवतो, त्यामुळे असं बसणं आणि दातांचा हा आवाज एवढ्याच खुणा हाती लागतात. आम्ही व्हिडिओ पाठवला होता. दात खाण्याचा आवाज त्यात स्पष्ट येतो, तरी तो गृहस्थ म्हणाला, "खुशीत आहे, खुशीतही ससे दात वाजवतात." हेही अर्धं खरं! कुरवाळताना ससा अगदी हलकी, भराभर टकटक करतो. हा आवाज तसा नव्हता, आणि दोन्ही एकदा ऐकलेल्या माणसाला फरक सांगावा लागत नाही.

मग त्याने पुढच्या दातांचा फोटो मागितला. बघून म्हणाला, "दात फर्स्टक्लास." सशाला 28 दात असतात. ओठ उचलून दिसतात ते फक्त पुढचे. उरलेल्या 22 दाढा खोल गालात असतात, त्या फोटोत येणारच नाहीत. सगळे दात जन्मभर वाढत राहतात, गवत चघळून झिजले नाहीत तर दाढांना कड येते आणि खालच्या दाढांची ती कड जिभेला कापते. म्हणजे फोटो मागणं हा निव्वळ देखावा होता, पण 'तपासणी झाली' असं आम्हाला वाटून गेलं.

तिसरा शोध केसांच्या गोळ्याचा. पोटात केसांचा गोळा अडकलाय, आमचं 'गट टॉनिक' तो विरघळवतं, 12 तासांत ससा ठणठणीत, नाहीतर पैसे परत. ससा अंग चाटतो, त्याच्या पोटात केस असतातच, निरोगी सशाच्याही असतात. पाणी कमी पडून आणि हालचाल मंदावून ते चोथ्यासकट घट्ट होतात, हा परिणाम झाला. कुठल्याही पाचक रसाने किंवा फळाच्या रसाने केस विरघळत नाहीत. टॉनिकची पूर्ण रक्कम आधी भरायची होती. बाटली दुसऱ्या दिवशी येणार होती. आणि तोवर? "पोट रिकामं ठेवा, काही भरवू नका, म्हणजे औषध नीट लागेल."

माझ्या मते यातलं सर्वांत घातक वाक्य हेच. उपाशी सशाला आणखी उपाशी ठेवायला सांगणारा माणूस एक तर काही जाणत नाही किंवा त्याला फरक पडत नाही. सशाला तर भूल द्यायच्या आधीही लांब उपास घडवत नाहीत. (एकच अपवाद: पोट टम्म फुगून टणक लागत असेल तर आत अडथळा असू शकतो आणि तेव्हा जबरदस्तीने भरवणं धोक्याचं. पण हे ठरवायला हात लावून तपासावं लागतं, एक्स-रे लागतो. फोनवर होत नाही.)

दुपारी आम्ही डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तेव्हा त्याने ठेवणीतलं वाक्य काढलं. "ताई, प्रवासाच्या धक्क्यानेच जातो ससा. मग मला बोलू नका." ससा घाबरट, ताणाने त्याचं आतडं आणखी मंदावतं, यात खोटं काही नाही. म्हणून टोपलीवर कापड टाकायचं, खाली ओळखीच्या वासाचा टॉवेल घालायचा, सोबतीचा ससा असेल तर तोही न्यायचा. घरी ठेवायचं, असा त्याचा अर्थ होत नाही. पण प्राण्याचा जीव जाईल आणि तो तुमच्यामुळे जाईल, असं कुणी म्हटलं की हात आखडतोच. हे त्या माणसाला पक्कं माहीत आहे.

संध्याकाळी "संसर्ग दिसतोय" म्हणून त्याने लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप तोंडातून द्यायला सांगितलं. ते घरात नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम कोरडं लिहितेय, कारण त्यापुढचं सांगताना अजून घशाशी येतं. माणसाच्या बाळाला चालणारं हे औषध सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा जुलाबाने दगावू शकतो. अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांचंही तेच. सशाचा जो डॉक्टर आहे त्याला हे झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

रात्री सासूबाईंनी ढगूला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, याचे कान गार लागताहेत." सशाचं नेहमीचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस. ते 38 च्या खाली उतरणं वाईट लक्षण, तापापेक्षाही वाईट. मग आम्ही त्या माणसाचा फोन घेणं बंद केलं आणि ससे बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे निघालो.

त्यांचा पहिला प्रश्न: "शेवटच्या लेंड्या कधी पडल्या? केवढ्या होत्या?" दिवसभर त्या गृहस्थाने लेंड्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग एकामागून एक: कोरड्या होत्या की केसांनी जोडलेल्या माळेसारख्या? रोजच्या खाण्यात गवत किती, पेलेट (विकतचं गोळीखाद्य) किती? खायला पुढे येऊन मागे सरतो का? लाळ गळते? या शेवटच्या दोन प्रश्नांतच दाढांचा संशय होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी तापमान घेतलं, पोट चाचपलं, अडथळा नाही याची एक्स-रेने खात्री केली. आधी ऊब, मग कातडीखाली सलाइन, वेदनाशामक, आणि त्यानंतरच सिरिंजने पातळ केलेलं तंतुमय खाद्य, थोडं थोडं, तोंडाच्या कडेने. वेदना थांबवल्याशिवाय ससा खाणार नाही, हे त्यांनी आम्हाला निक्षून सांगितलं. दुसऱ्या दिवशी भूल देऊन तोंड तपासलं तर खालच्या एका दाढेची कड जिभेत रुतली होती. ती घासून काढली. नखं कापायच्या कात्रीने दात कापणारे लोकही असतात म्हणे; त्याने दात उभा चिरतो, त्यांच्यापासूनही लांब राहा.

ढगू वाचला. टॉनिक त्यानंतर आलं. बाटलीवरचं स्टिकर ओल्या बोटाने सुटलं आणि खाली कोंबड्यांच्या लिव्हर टॉनिकचं छापील लेबल निघालं. वास घेतला तर गोड पाक. सशाच्या आतड्याला साखर म्हणजे नको त्या जंतूंना मेजवानी.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, "तुम्ही दुसऱ्या डॉक्टरला दाखवलंत ना? मग गॅरंटी संपली." म्हणजे गॅरंटी कुणाला मिळणार? जो ससा घरी ठेवून वाट बघत बसेल त्याला. आणि त्यातला ससा वाचला तर तो टॉनिकने, मेला तर "फार उशिरा फोन केलात". पैसे भरल्याची पावती नीट बघितली तेव्हा खात्यावर ससा विकणाऱ्याचंच नाव होतं. चार आठवड्यांची, आईपासून लवकर तोडलेली पिल्लं 'टीकप' म्हणून विकायची (टीकप नावाची सशाची जातच नाही, ती नुसती लहान पिल्लं असतात, निदान आठ आठवडे तरी आईजवळ हवीत), सोबत दाण्यांचं रंगीत खाद्य द्यायचं, आणि पोटं बिघडली की त्याच लोकांना टॉनिक.

आता त्याच्या जाहिरातीत आमच्या ढगूचा फोटो आहे. आम्हीच पाठवलेला, दुखण्यात पाठ काढून बसलेला. शेजारी त्याच रंगाचा दुसराच ससा गवत खातोय आणि खाली लिहिलंय, '12 तासांत ठणठणीत.' फोटो काढायला सांगितला, अजून काढलेला नाही. राखाडी ससा, डाव्या कानाच्या टोकाला पांढरा ठिपका, मागे निळी सतरंजी. कुणी तुम्हाला हा फोटो दाखवून थांबायला सांगत असेल, तर याच माणसाशी तुमची गाठ पडली आहे, असं समजा. सशाच्या डॉक्टरचा नंबर ससा ठणठणीत असतानाच शोधून ठेवा, रात्री कोण बघतं तेही विचारून ठेवा, आणि फोनवर लेंड्यांबद्दल विचारलं जातंय का याकडे कान द्या.