एनआरई की एनआरओ, पगार कुठं टाकावा?

मस्कतला येऊन सहा वर्षं झाली, आता लातूर-उदगीरकडची नवीन पोरं इकडं येऊ लागलीत आन पहिला पगार हातात पडला की सगळे हेच विचारायलेत, दादा एनआरई काढू का एनआरओ. दोन्ही परदेशात राहणाऱ्या भारतीयांची भारतातली बँक खाती, एनआरई बाहेरच्या कमाईसाठी, एनआरओ मुख्यतः भारतातल्या उत्पन्नासाठी. मी दोन्ही वापरलेत. व्याजदर, मिनिमम बॅलन्स बँकवाले सांगतीलच, ते सोडा.

मी आलो तवा गावाकडचं जुनं सेव्हिंग खातं होतं, शाखेनं तेच एनआरओ करून दिलं आन दोन वर्षं मी पगार तिथंच पाठवत राहिलो, एफडी पण तिथंच. तसं ते सोयीचं होतं, दुकानाच्या गाळ्याचं भाडं त्यातच यायचं, गावाकडच्या आण्णांना जॉइंट घेता आलं. एफडीच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस, वर सेस, म्हणजे 100 रुपयांतले 31 रुपये 20 पैसे जायचे, पण रिटर्न भरून त्यातलं काही परत मिळवता येतं म्हणून तेही चालवून घेतलं.

जीव खाल्ला तो वेगळ्याच गोष्टीनं. बायको-लेकराला इकडं आणायचं ठरलं, घरमालकाला आगाऊ भाडं द्यायचं होतं, आन इथंच कमावलेले माझेच पैसे परत मागवायला पैसे बाहेर पाठवायचा टॅक्स खात्याचा 15सीए फॉर्म, सीएच्या सहीचं 15सीबी सर्टिफिकेट, पगाराच्या स्लिपा. आण्णा औशाहून एसटीनं लातूरला तीन चकरा मारले, एकदा सही जुळेना, एकदा स्लिपांवर शिक्का नाही. फोनवर कुरकुर नाही, फक्त म्हणायचे, "उद्या परत जातो." तिसऱ्यांदा ते ऐकलं आन दुसऱ्याच दिवशी एनआरईचा फॉर्म भरला.

एनआरईच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही आन पैसे परत आणायला ही कागदं लागत नाहीत. अडचणी आहेत, नाही असं नाही. गावाकडचं भाडं किंवा सोयाबीनच्या पट्टीचे पैसे त्यात सरळ भरता येत नाहीत, एफडी वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. युपीआयला ओमानचा नंबर दोन्हीकडं चालतो, बँकेनं सोय दिलेली असली म्हणजे झालं.

तिकडं काही उत्पन्न असेल तर एनआरओ ठेवावंच लागतं, प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. पण पगाराचं विचाराल तर मला वाटतं एनआरई बरं, कारण एनआरईतून एनआरओत पैसे सहज जातात, उलटं आणायचं म्हणलं की परत तेच फॉर्म. माझं आता भाडं तेवढं एनआरओत येतं, पगार एनआरईत, आन 5 तारखेला त्यातूनच घरखर्च आण्णांच्या खात्यात जातो. बँकेच्या कामासाठी त्यांना लातूरची एसटी धरावी लागली नाही त्यानंतर.