३१८ ची पाउणकी: ‘काउंटडाउन’मधला ९५२ चा डाव आणि घरी करायचा संच

सहा आकडे: २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. गाठायचा आकडा ९५२. वेळ ३० सेकंद. प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार एवढंच करायचं, आणि मधे कुठेही अपूर्णांक येऊ द्यायचा नाही.

ब्रिटनच्या चॅनल ४ वरच्या ‘काउंटडाउन’ कार्यक्रमात १९९७ साली एका स्पर्धकाने हे उदाहरण ज्या वाटेने सोडवलं, ती चित्रफीत आजही यूट्यूबवर मिळते. कोल्हापुरात घरी मुलांचं गणित घेणाऱ्या किंवा शिष्यवृत्तीचा वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने ती बघावी. हे परीक्षण त्या डावाचं आहे, ज्या कार्यक्रमात तो झाला त्याचं आहे, आणि पुठ्ठ्यावर घरी करता येणाऱ्या संचाचंही आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. आकड्यांच्या फेरीला पैकीच्या पैकी गुण. अक्षरांची फेरी, म्हणजे निघालेल्या अक्षरांतून जमेल तितका लांब शब्द जुळवायची, आहे तशी मराठी घरात रुजत नाही, तिला हात लावावा लागतो.

आधी तो डाव. १०० अधिक ६, १०६. गुणिले ३, ३१८. गुणिले ७५, २३,८५०. वजा ५०, २३,८००. भागिले २५, ९५२. सूत्रसंचालक रिचर्ड व्हाइटली आणि आकडे मांडणाऱ्या कॅरोल व्हॉर्डरमन दोघांनाही हसू आवरत नाही, कारण तीन अंकी उत्तरासाठी कोणी तेवीस हजारांच्या घरात जाईल असं कुणाच्याच डोक्यात येत नाही.

३१८ गुणिले ७५ हे तोंडी कसं जमतं, असं विचारणाऱ्याने घरातल्या जुन्या माणसाला विचारावं. पावकी, निमकी, पाउणकी हे पाव, अर्ध्या आणि पाऊण पटीचे पाढे ज्यांच्या तोंडी होते, त्यांना यात अवघड काही नाही. ७५ म्हणजे पाऊण शेकडा. ३०० ची पाउणकी २२५, १८ ची साडेतेरा. मिळून २३८॥, म्हणजे दोनशे साडेअडतीस शेकडे, म्हणजेच २३,८५०. त्यातून अर्धा शेकडा काढला की २३८ शेकडे उरले. एका शेकड्यात चार पंचविशी, म्हणून २३८ चोक ९५२. कागद लागत नाही. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला अडत्याकडे बसणारे जुने दिवाणजी रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, वजनाचे हिशेब याच पाढ्यांवर करत. ‘काउंटडाउन’मधले चार मोठे आकडे २५, ५०, ७५ आणि १०० आहेत: पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण शेकडा. आपले पाढे जणू याच फेरीसाठी बसवलेत असं वाटावं इतकं ते जुळतं. शाळांतून हे पाढे गेले याची हळहळ वाटणाऱ्यांना ते परत आणायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

पण गुणाकार मोठा होता म्हणून तो डाव मोठा नाही. त्याची खरी करामत भागाकार शेवटपर्यंत थांबवण्यात आहे. १०६ नव्वे ९५४, वजा २ म्हणजे ९५२, इतपत पुष्कळांना दिसेल. ९ मिळवायचा तर ७५ गुणिले ३ भागिले २५. २ मिळवायचा तर ५० भागिले २५. इथे गाडं अडतं, कारण दोन्हीकडे २५ लागतो आणि २५ ची चिठ्ठी एकच. तोडगा असा की दोन्हीकडे आधी भागायचंच नाही. १०६ ला ३ ने आणि ७५ ने गुणून ठेवायचं, त्यातून अख्खे ५० वजा करायचे आणि सगळ्याला मिळून एकदाच २५ ने भागायचं. भागताना वरचे ७५ तीन होतात, ५० दोन होतात. शाळेत ‘सामाईक छेद’ म्हणून जे फळ्यावर लिहिलं जातं, ते इथे चालताना दिसतं.

आता थोडं परखड. याच सहा आकड्यांतून ९५२ ला सोपी वाटही आहे. ६ गुणिले ७५, ४५०. भागिले ५०, ९. इकडे १०० अधिक ३, १०३. १०३ नव्वे ९२७. अधिक २५, ९५२. हजाराच्या वर एकही आकडा जात नाही. ही वाट सापडावी कशी? लक्ष्यातून एकेक चिठ्ठी वजा करून बघायची आणि बाकीला ९ ची कसोटी लावायची: ९५२ वजा २५ म्हणजे ९२७, अंकांची बेरीज १८, म्हणजे ९ ने भाग जातो आणि १०३ समोर येतो. मुलांना आधी ही वाट द्यावी आणि मग चित्रफीत दाखवावी. उलट क्रमाने गेलं की मुलं मोठ्या गुणाकाराच्या मागे लागतात आणि ३० सेकंद तिथेच संपतात. गुण दोन्ही वाटांना सारखेच, १०. अवघड वाटेला जास्तीचं काही मिळत नाही.

कार्यक्रमाबद्दल. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल ४ सुरू झालं त्याच दिवशी ‘काउंटडाउन’चा पहिला भाग लागला. मूळ कल्पना फ्रेंच, ‘दे शिफ्र ए दे लेत्र’ या कार्यक्रमाची. ९५२ चा डाव झाला तेव्हा भागात नऊ फेऱ्या असत, त्यातल्या आकड्यांच्या दोनच. हल्ली पंधरा फेऱ्या असतात: दहा अक्षरांच्या, चार आकड्यांच्या आणि शेवटी विस्कटलेला नऊ अक्षरी शब्द ओळखायची एक. प्रत्येकी ३० सेकंद धरले तर अख्ख्या भागात खरा खेळ साडेसात मिनिटांचा, आणि आकड्यांचा दोन मिनिटांचा. बाकी गप्पा. त्या गोड असतात, पण वर्गात वेळ खातात. म्हणून पूर्ण भाग लावू नये, आकड्यांच्या फेऱ्या तेवढ्या काढून दाखवाव्यात. घड्याळ सुरू झालं की चित्र थांबवायचं, मुलांना सोडवू द्यायचं, मग उत्तर बघायचं. २००९ पासून आकडे रेचल रायली मांडतात. स्पर्धकांना जमलं नाही तर त्या फळ्यावर स्वतःची वाट दाखवतात, आणि ती बहुतेक वेळा नीट उतरवून घेण्यासारखी असते. एक सावधगिरी: याच खेळाची रात्री लागणारी विनोदी आवृत्ती आहे. तिच्यात भाषा सैल असते, मुलांसमोर लावू नये.

मोबाईलवर या खेळाची अॅप आहेत. सरावाला ठीक. पण त्यांत एक उणीव अशी की बोट दाबून उत्तर दिलं की काम झालं, पायऱ्या तोंडाने सांगाव्या लागत नाहीत. मूळ खेळात आधी गाठलेला आकडा जाहीर करायचा आणि मग सगळ्यांसमोर वाट सांगायची. सांगताना पायरी चुकली तर गुण नाहीत. शिकण्यासारखं सगळं याच एका नियमात आहे. म्हणून पुठ्ठ्याचा संच अॅपपेक्षा सरस.

संचाला २४ चौकोन, म्हणजे आकड्यांच्या चिठ्ठ्या, लागतात. चार मोठे, आणि १ ते १० प्रत्येकी दोन असे वीस लहान. ४ सेंटिमीटरचे चौकोन सहा उभ्या आणि चार आडव्या रांगांत आखले तर २४ बाय १६ सेंटिमीटर होतात, ए-फोर मापाच्या एका पुठ्ठ्यात बसतात. महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पुठ्ठा मिळेल, जुन्या लग्नपत्रिकाही चालतील. मात्र सगळे चौकोन एकाच पुठ्ठ्याचे हवेत, नाहीतर पाठ बघून मुलं आकडा ओळखतात. स्केचपेनची शाई पातळ पुठ्ठ्यातून मागे फुटते, तिथेही तेच होतं. बॉलपेनने आकडा दोनदा गिरवावा. इंग्रजी सहा आणि नऊ उलटे पडले की एकमेकांसारखे दिसतात, म्हणून खाली रेघ मारावी. मराठी आकड्यांत घाईने काढलेले १ आणि ९ फसवतात, तिथे नवाचा वरचा वळसा मोठा काढावा.

मोठे आकडे वेगळ्या डब्यात ठेवायचे. खेळणाऱ्याने मोठे किती हवेत ते सांगायचं, शून्य ते चार, आणि बाकीचे न बघता लहानांतून उचलायचे. लक्ष्य १०१ ते ९९९. त्यासाठी दोन पिशव्या: एकीत १ ते ९ शतकस्थानाला, दुसरीत ० ते ९, तीतून दोनदा काढायचं आणि पहिली चिठ्ठी परत टाकून दुसरी काढायची. १०० आले तर पुन्हा काढा. गुण असे: अचूक १०, पाचच्या आत चुकलं तर ७, दहाच्या आत ५, त्यापुढे काही नाही. जो लक्ष्याच्या जवळ त्यालाच गुण, दोघे सारखेच जवळ असतील तर दोघांना. सहाही आकडे वापरायलाच हवेत असं नाही. २ आणि ५ शेजारी ठेवून २५ करता येत नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, वाद वाचतो.

चुका कुठे होतात ते एका उदाहरणावर बघा. ७५, ५०, ९, ४, ७, २, लक्ष्य ६४३. बहुतेक मुलं ७५ मधून ४ काढून ७१ करतात, ७१ नव्वे ६३९, मग ७ वजा २ पाच, ६४४. एकाने हुकलं, ७ गुण, आणि मुलगा पेन खाली ठेवतो. ठेवू नये. ७५ नव्वे ६७५, वजा ५० म्हणजे ६२५, आता १८ हवेत: सात दुणे १४ आणि ४. झाले ६४३. फरक एवढाच की पहिल्या वाटेत ४ लवकर खर्च झाला आणि ५० ची चिठ्ठी पडून राहिली. मोठी चिठ्ठी वापरायची राहिली असेल तर वेळ संपेपर्यंत ती वजा करून, मिळवून बघत राहावं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकच चिठ्ठी दोनदा वापरणं. त्यावर उपाय: वापरलेली चिठ्ठी हाताने उलटी करायची. वहीत काट मारण्यापेक्षा हे पक्कं.

कधी कधी लक्ष्य गाठताच येत नाही. सगळे लहान घेतले आणि १, १, २, २, ३, ३ निघाले तर जास्तीत जास्त ८१ होतात, म्हणजे १०१ च्या दहाच्या आतही पोचता येत नाही. अशा फेरीला दोघांना शून्य द्यावं आणि पुढे जावं. लहान मुलांनी एक किंवा दोन मोठे मागणं बरं. चारही मोठे मागण्यात मात्र एक मोठी सोय आहे: उरलेल्या दोन लहानांच्या जोड्या फक्त ५५ होतात. सहा चिठ्ठ्यांचे एकूण वेगवेगळे संच १३,२४३ असताना ५५ म्हणजे हातात मावणारी गोष्ट. पाउणकी-पावकी पाठ असलेल्या मुलाला याच ५५ जोड्यांवर बसवावं, ३ आणि ६ ही त्यातलीच एक.

वेळेचं: शिष्यवृत्तीच्या पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. सुरुवात ७२ सेकंदांवर करावी, मग ४५, आणि हात बसला की ३०. पहिल्या दिवसापासून ३० लावले की मागे राहणारी मुलं खेळच सोडतात.

अक्षरांची फेरी. मूळ नियमात नऊ इंग्रजी अक्षरं, किमान तीन स्वर आणि चार व्यंजनं, अक्षराला एक गुण, नऊ अक्षरी शब्दाला दुप्पट म्हणजे १८. मराठीत काना-मात्रेच्या वेगळ्या चिठ्ठ्या केल्या की शब्दच जुळत नाहीत. म्हणून चिठ्ठ्या व्यंजनांच्या कराव्यात, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार फुकट द्यावेत, आणि जोडाक्षरात जितकी व्यंजनं तितक्या चिठ्ठ्या खर्च धराव्यात. न, न, प, र, व, ल, क, स, त निघाले तर ‘वनस्पती’ला पाच गुण आणि ‘पुनरावलोकन’ला सात. र, क, त, न, स, ल, म, प, व यांच्या चिठ्ठ्या तीन-तीन. ठ, ढ, झ, घ यांची एकेक पुरे. ङ आणि ञ घेऊच नयेत. स्वरांनी सुरू होणाऱ्या शब्दांसाठी ‘अ’ च्या दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात, त्यांवर कुठलाही स्वर चढवता येतो. विशेषनाम बाद, विभक्ती लागलेलं रूप बाद. नाहीतर ‘घरातल्यांनाही’सारख्या शब्दांनी फेरी बिघडते. कोश एकच ठरवून ठेवावा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, पण मोल्सवर्थ एकोणिसाव्या शतकातला आहे, त्यात आजचे पुष्कळ शब्द नाहीत. मुलांबरोबर खेळताना दाते-कर्वे धरावा, आणि त्यात नसलेला पण सगळ्यांना माहीत असलेला शब्द आला तर तो मानायचा की नाही हे चिठ्ठ्या उचलण्याआधीच ठरवावं.