जिप्सीसाठी डबलर घ्यावा की लो-गिअर सेट?

जिप्सी किंगच्या ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा डबा) लो, म्हणजे हळू पण जोरदार गिअर, २.२६८ आणि गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६५२. गुणाकार ८.२८, पुढं डिफचा (एक्सलमधल्या डिफरन्शियलचा) आकडा आपापल्या गाडीप्रमाणं गुणायचा. रस्त्यावरच्या टायरवर एवढं पुरतं. ३१ इंची टायर चढवले की फोर-लोमध्येही (चारही चाकं, लो गिअर) क्लच अर्धा दाबून दगड चढवावा लागतो, कारण १.३ लिटरचं इंजिन जास्तीत जास्त १०३ न्यूटन-मीटर देतं आणि तेही ४५०० आरपीएमला. यावर बाजारात दोन तऱ्हेचे किट मिळतात. एकात केसच्या आतले गिअर बदलतात, तो लो-गिअर सेट; दुसऱ्यात केसच्या आधी आणखी एक रिडक्शन बॉक्स बसतो, तो डबलर. कोल्हापूर भागात फिरणाऱ्या जिप्सीला लो ४.१६ करणारा गिअर सेट घ्यावा असं आमचं मत आहे. डबलर फार थोड्यांच्या कामाचा.

भंगारातली दुसरी जिप्सी केस आणून पहिल्यापुढं जोडली की झाला डबलर, असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो ऐकू नका. जिप्सीच्या केसचा हाय (रस्त्यावरचा नेहमीचा गिअर) सुद्धा सरळ १:१ नाही, १.४०९ आहे. दोन केस एकामागं एक लावल्या तर हाय-हायमध्येच १.९९ होतात. म्हणजे पाचव्या गिअरमध्ये ट्रॅक्टरच्या चालीनं पुणे गाठायचं! केसच्या आधी बसणारा बॉक्स हायमध्ये १:१ असलाच पाहिजे. टोयोटाच्या जुन्या गिअरवाल्या केसचा तसा असतो, तिचा लो २.२८. जीपच्या एनपी २३१ केसचा प्लॅनेटरी (एका गिअरभोवती फिरणाऱ्या गिअरांचा) भाग वापरणारे बॉक्सही तसेच, लो २.७२.

आता टोयोटाचा बॉक्स पुढं लावला तर एकूण लो २.२८ गुणिले २.२६८, म्हणजे ५.१७. ४.१६ च्या तुलनेत हाती लागलं ते एवढंच, आणि त्यासाठी एक अख्खी केस, अॅडॉप्टर (दोन बॉक्स जोडणारा तुकडा), जादा लिव्हर आणि नवे शाफ्ट. डबलरचा खरा फायदा वेगळा आहे: फोर-लोच्या दोन पायऱ्या मिळतात, चिखलाला २.२६८ आणि दगडाला ५.१७. ही सोय गिअर सेटमध्ये नाही.

आपल्याकडं चिखल जास्त की दगड, यावर सगळं ठरतं. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला तांबड्या जांभ्याची माती टायरच्या खाचांत गच्च बसते. ती झाडायला चाक वेगानं फिरावं लागतं. तिथं ६.५ चा सेट लावलेली गाडी पहिल्यात नुसती कण्हत राहते, दुसऱ्या-तिसऱ्यात टाकावी लागते. ओढ्यातल्या गोट्यांवर मात्र हाच सेट मजा आणतो. ४.१६ दोन्हीकडं चालतो: त्याच आरपीएमला गाडी मूळ वेगाच्या साधारण ५५ टक्क्यांनी सरकते, आणि चिखलात दुसऱ्या गिअरला चाक फिरवता येतं.

टॉर्कचा हिशेब कागदावर मांडून बघा. पहिल्या गिअरात, घर्षण सोडून, केसमधून बाहेर पडतो तो मूळ लोवर ८५३ न्यूटन-मीटर, ४.१६ वर १५६५, ५.१७ वर १९४५, ६.५ वर २४४५. इंजिन तेच, पण यूजे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) आणि पुढच्या एक्सलच्या सीव्ही जॉइंटवर (वळलेलं चाकही फिरवणारा सांधा) जवळपास तिप्पट ताण. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचं चाक अडकलेलं असताना अॅक्सिलरेटर दाबला, की सीव्ही जॉइंट तुटलाच म्हणून समजा.

जिप्सीची केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये छोटा शाफ्ट असतो आणि केस तीन रबरी माउंटिंगवर लटकते. लो वाढला की केस पिळवटते, रबर फाटतं, मग ब्रॅकेटला तडा जातो. म्हणून सेटबरोबरच चौथं माउंटिंग किंवा केसला खालून धरणारं क्रेडल लावा. हा खर्च टाळणाराच पुढं जास्त खर्च करतो.

डबलरला जागा लागते. परदेशातले फोटो बहुतेक २०३० मिमी व्हीलबेसच्या सामुराईचे (जिप्सीची आखूड परदेशी बहीण) असतात, जिप्सीचा २३७५ आहे, तेवढी सवलत मिळते. तरी केस मागं सरकली की मागचा शाफ्ट आखडतो. केस आणि एक्सल यांच्या उंचीत २०० मिमी फरक असेल तर ६०० मिमीच्या शाफ्टचा कोन १९ अंशांच्या आसपास, ४५० मिमीच्या शाफ्टचा २६ च्या पुढं. साधा क्रॉस तिथं थरथरतो, लवकर झिजतो. वर लिफ्ट केलेली गाडी असेल तर डबल कार्डन जॉइंटचा (दोन क्रॉसचा जोडसांधा) खर्च आधीच धरा.

अॅडॉप्टर कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेता येतो, शिरोलीतही. फक्त लेथवाल्याला नुसतं बोल्टचं वर्तुळ देऊ नका. बोल्ट धरून ठेवतात, केंद्र साधत नाहीत. त्यासाठी मशिन केलेला स्पिगॉट (खाचेत घट्ट बसणारी गोल कड) आणि जागा पक्की करणाऱ्या दोन डॉवेल पिन हव्यात. डायल गेज लावून रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०५ मिमीच्या आत आहे का बघा, नाहीतर इनपुट बेअरिंग आणि ऑइल सील सतत बदलत बसाल. गिअरच इथं कापून घेणार असाल तर ईएन ८ या साध्या पोलादाचा विषय बंद. २०एमएनसीआर५ किंवा ईएन ३५३, कार्बुरायझिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवणं), पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप). हीट ट्रीटमेंटनंतर बोअर फिरतो, म्हणून शेवटचं ग्राइंडिंग त्यानंतर.

सेट मागवताना विक्रेत्याला लो आणि हाय दोन्ही आकडे विचारा. काही सेट हायही खाली आणतात. मोठ्या टायरला ते बरं, पण मूळ टायरवर हायवेला इंजिन उगाच ओरडतं.

बसवताना तिन्ही शाफ्टच्या फ्लँजवर पंचानं खूण करा. नीडल बेअरिंग, सील, काउंटर शाफ्टची ओ-रिंग नवी टाका. जुनी ओ-रिंग परत लावली तर तिथूनच तेल गळतं. तेल ८०डब्ल्यू-९०, सुमारे ०.८ लिटर. पहिलं तेल काहीशे किलोमीटरमध्येच काढा: करडी बारीक पूड चालते, चमकणारे कण दिसले तर केस उघडा. ब्रीदरची (केसमधली हवा ये-जा करण्याची) नळी बोनेटपर्यंत वर घ्या. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. ऑर्डर देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.